चौथ्याची पानं

१

साडेपाचला ऑफिस सुटायचं, पावणेसहाला श्रीपाद मिराशी स्कूटरवरून क्वार्टरवर पोचायचा आणि सहाच्या ठोक्याला डाव पडायचा. लखनौच्या मानक नगरातल्या रेल्वे कॉलनीत घड्याळ लावून जगणारी माणसं पुष्कळ होती, पण मिराश्यांच्या घरचा हा सहाचा डाव म्हणजे अगदी मेल गाडी. चहा उकळत असला तरी तो खाली उतरवून त्याची बायको प्रतिमा आधी येऊन बसायची.

डाव मोबाइलवरचा होता. 'चौकडी' नावाचा पत्त्यांचा खेळ. त्यांच्या लेकीनं, सावनीनं, रुडकीला शिकायला जाण्याआधी तिघांच्या फोनवर तो घालून दिला होता. एकाच खोलीत तीन माणसं, तिघांच्या हातात तीन फोन, आणि एकमेकांशी पत्ते खेळताहेत! एखादा पाहुणा आला की त्याला हसू आवरायचं नाही. खेळाला भिडू लागायचे चार, म्हणून चौथा हात फोनच खेळायचा. पडद्यावर चार खुर्च्या दिसायच्या. तिन्हींखाली यांची नावं. चौथी रिकामी, आणि तिच्याखाली फक्त 'चौथा'.

हे सगळं चाललं होतं ते बाबांसाठी. चंद्रकांत मिराशी, म्हणजे श्रीपादचे वडील, मिरजेच्या लोको शेडमध्ये जन्मभर फिटर होते. उजव्या हाताची तर्जनी अर्धी तिथंच ठेवून आले होते. श्रीपादची आई, यमुनाबाई गेल्या, आणि त्यानंतर बाबा हळूहळू सगळंच कुठंकुठं ठेवून यायला लागले. चष्मा, नावं, जेवलो की नाही ते. श्रीपादनं त्यांना लखनौला आणलं तेव्हा ते त्याला कधी 'शिरपा' म्हणायचे, कधी 'साहेब'. पण सहा वाजता हातात फोन दिला की माणूस बदलायचा. माशावर मासा, पतंगावर पतंग, बरोब्बर. या खेळात चार रंग होते: मासा, पतंग, आंबा आणि दिवा. माशाची बेगम हातात आली की बाबा ती शेवटपर्यंत टाकायचे नाहीत. हरले तरी चालेल. "ही यमुनेसारखी दिसते," म्हणायचे. आणि अगदी निरुपाय झाला की आधी अर्ध्या बोटानं पडद्यावर दोनदा टकटक करायचे, जणू दार वाजवून परवानगी घ्यावी, आणि मग ती सोडायचे.

दोन हजार सतराच्या मार्चमध्ये खेळ उघडला की एक पाटी यायला लागली. एकतीस तारखेनंतर ही सेवा बंद होत आहे, आपल्या प्रेमाबद्दल आभार.

एक एप्रिलला सहा वाजता बाबांनी फोन हातात घेतला, पडदा खूप वेळ चोळला, आणि मुकाट्यानं बाजूला ठेवला. चार एप्रिलला ते घरातून नाहीसे झाले. दीड तासानं सापडले ते मानक नगर स्टेशनच्या बाकावर. मिरजेची गाडी कुठल्या फलाटावर लागते, असं एका भेळवाल्याला विचारत होते. पायात चपला होत्या, पण डावी उजव्यात आणि उजवी डाव्यात. अलीकडे रोजच तसं व्हायचं.

त्या संध्याकाळी प्रतिमा रडली नाही. जाम चिडली मात्र. "अहो, जन्मभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं काढता ना? मग घरासाठी चाळीस पत्ते काढायला काय झालं?"

२

श्रीपाद ड्रॉइंग ऑफिसातला माणूस. डब्याच्या चाकाखालच्या स्प्रिंगचं चित्र काढायचं तर आधी जुनं चित्र समोर ठेवायचं, आणि रेघ न् रेघ, शब्द न् शब्द उतरवून काढायचा. आपलं डोकं नंतर चालवायचं. हीच शिस्त त्यानं इथं लावली. खेळ बंद पडला तरी त्यातलं नियमांचं पान अजून फोनवर उघडत होतं. एकूण एकोणीस नियम, हिंदीतले. ते त्यानं वहीत मराठीत उतरवले, एकही न गाळता. अकरावा नियम असा होता: 'चालू डावातून जो उठेल, त्याची जागा चौथा घेईल.' फोनचं नेटवर्क गेलं तर खेळ अडू नये म्हणून केलेली ती सोय, कागदाच्या पत्त्यांना तिचा काय उपयोग? पण मूळ चित्रात रेघ आहे म्हटल्यावर ती यायलाच हवी. श्रीपादनं ती काढली.

भर त्यानं एकच घातली. फोन नाही, तर चौथ्याची पानं खेळायची कुणी? त्यानं ठरवलं: एक खुर्ची रिकामी ठेवायची, तिच्यापुढे दहा पानांची पालथी गड्डी, आणि तिची पाळी आली की वरचं पान उलटायचं. बाकी नशीब.

पानांच्या दर्शनी बाजू त्यानं स्वतः रंगवल्या. पाठी मात्र चाळीसच्या चाळीस सारख्या हव्यात, नाहीतर पान ओळखू येतं. त्यासाठी तो जुन्या शहरातल्या चौक बाजारात गेला. तिथल्या एका गल्लीत शफीक मियाँ बसायचे. चिकनकारीच्या कपड्यावर भरतकामाआधी लाकडी ठशांनी नक्षी उमटवायची, हा त्यांचा धंदा. भिंतभर ठसे लटकत होते. श्रीपादनं एक वेलबुट्टी निवडली.

"साहब, छाप तो दूँगा," शफीक मियाँ म्हणाले. "मगर ये नील कच्चा है. गोंद में घुला हुआ. कपड़े पर लगाते ही इसलिए हैं कि कढ़ाई के बाद धुल जाए. हाथ में पसीना हुआ तो उँगलियों पर आ जाएगा."

"आ जाने दीजिए. घरात खेलने के लिए ही है," श्रीपाद म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचं हिंदी असंच राहिलं होतं, मध्येच मिरजेला जाऊन यायचं.

म्हाताऱ्यानं चाळीस वेळा ठसा आपटला. ठप, ठप, ठप. शेवटचं पान वाळत ठेवताना त्यांनी विचारलं, "कितने लोग खेलेंगे?"

"तीन."

"पत्ते तो चार के लग रहे हैं," म्हणाले, आणि पैसे घेतले.

३

एप्रिलच्या शेवटी लू सुटली. संध्याकाळी सहालाही बाहेर भट्टी असायची. खिडकीतल्या कूलरच्या ताट्यांतून ओल्या वाळ्याचा वास यायचा, हिरव्या पडद्यातून उन्हाचा हिरवा उजेड जमिनीवर पडायचा, आणि कूलरच्या एकसुरी घरघरीत बसलं की आपण पाण्याच्या तळाशी बसलो आहोत असं वाटायचं. त्या उजेडात चौघांचा डाव सुरू झाला. म्हणजे तिघांचा.

बाबांना पत्ते लगेच आवडले. पहिल्याच दिवशी त्यांनी माशाची बेगम हातात घेऊन चष्म्याजवळ नेली आणि बराच वेळ बघत राहिले. "शिरपा, नाक जरा चुकलंय रे," म्हणाले. महिनाभरात पहिल्यांदा त्यांनी 'शिरपा' म्हटलं होतं. श्रीपादला भरून आलं, पण तो नुसताच हसला.

डाव संपला की तिघांची बोटं निळी. प्रतिमा म्हणायची, "होळी झाली सगळी." बाबांच्या हाताचा ठसा तर कुठेही ओळखू यावा: तीन बोटं पुरती आणि एक अर्धं. टेबलाच्या कडेला, पाण्याच्या तांब्यावर, दाराच्या कडीला.

बाबा चौथ्या खुर्चीशी फार अदबीनं वागायचे. तिची पाळी आली की "घ्या, तुमचं पान" म्हणायचे. एकदा प्रतिमाला म्हणाले, "अगं, यांना चहा नाही दिलास." प्रतिमानं हसत एक कप तिथेही ठेवला. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला एक कप चहा म्हणजे काही फार नाही.

पहिल्या आठवड्यात श्रीपादच्या लक्षात एक गोष्ट आली. चौथ्याचं पान न बघता उलटलं जायचं, वरचं असेल ते. पहिल्या भिडूनं आंबा टाकला तर चौथ्यानंही आंबाच टाकायचा हा नियम, पण पालथ्या गड्डीला नियम कसला कळणार? चुकणार, हे त्यानं धरलंच होतं. पण गड्डी चुकत नव्हती. आंब्यावर आंबा. दिव्यावर दिवा. रंग नसेल तेव्हाच दुसरं पान, आणि डाव संपल्यावर तपासलं तर तो रंग त्या गड्डीत खरंच शिल्लक राहिलेला नसायचा.

"तुम्ही नीट पिसत नाही," प्रतिमा म्हणाली.

श्रीपाद मग नीट पिसायला लागला. पत्ते टेबलावर पसरून, दोन्ही हातांनी कालवून. वहीत टिपणं ठेवली: सतरा डाव, एकशे सत्तर पानं, चूक एकही नाही. शक्यतेचं गणित मांडायला बसला, आणि शून्यांनी ओळ भरल्यावर पेन्सिल खाली ठेवली. हजारात एकदा असं होऊ शकतं. लाखात एकदा तरी. कधीतरी तो लाखावा दिवस यायचाच ना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं स्वतःशीच म्हणून त्यानं वही मिटली.

४

चौदा मे. रविवार, दुपारचे चार. सुटीच्या दिवशी डाव जरा लवकर पडायचा.

तिसरा हात चालू असताना वीज गेली. कूलर घरघरत घरघरत थांबला आणि खोलीत इतकी शांतता झाली की प्रतिमाच्या बांगडीचा आवाजही मोठा वाटला. बाबांनी मान वर केली. ते ऐकत होते.

"यमुना हाक मारतेय," म्हणाले. "मागच्या दारी आहे."

पानं पालथी ठेवून ते उठले. उलट्यासुलट्या चपलांचा फटक्-फटक् आवाज करत बोळातून मागं गेले. प्रतिमा उठायला लागली, तर श्रीपाद म्हणाला, "बस गं. मागच्या दाराला कुलूप आहे, जातील कुठं? येतील." मग त्याला गंमत सुचली. गंमतच ती. वहीवर बोट ठेवून तो म्हणाला, "नियम अकरा. बाबा उठले. आता त्यांची जागा चौथा घेणार!"

प्रतिमा हसली. दोघांनी पदरानं आणि वहीनं वारा घेतला. बोळातला चपलांचा आवाज दूर गेला, आणखी दूर गेला. त्या क्वार्टरचा बोळ आठ पावलांचा होता. श्रीपादनं मनाशी चौदा पावलं मोजली, आणि मग आवाज थांबला.

वीज आली. कूलर धडधडला. दोघांनी तिकडं पाहिलं आणि परत मान वळवली, तर बाबा आपल्या खुर्चीत बसलेले होते. येताना आवाज झाला नव्हता. त्यांनी पानं उचलली, पंख्यासारखी लावली, आणि स्वच्छ आवाजात म्हणाले,

"हुकूम पतंग आहे ना? मग पाळी माझी. प्रतिमा, तू मघाशी नवाब दाबून ठेवलास, तो आता टाकावा लागणार तुला."

प्रतिमाच्या हातातली पानं गळून पडली. गेल्या तीन वर्षांत बाबांनी तिला नावानं हाक मारली नव्हती.

५

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. बाबा सकाळी उठून स्वतः दाढी करायला लागले. पेपर वाचून मोठ्यानं बातम्या सांगायला लागले. शेजारच्या सक्सेनाजींशी फाटकात उभं राहून हिंदीत गप्पा मारायला लागले, आणि त्यांचं हिंदी श्रीपादपेक्षा चांगलं निघालं. चपला बरोबर पायात असायच्या.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "कभी-कभी अच्छे दिन आते हैं. एन्जॉय कीजिए." त्यांनी हसून बाबांचा हात हातात घेतला आणि किंचित दचकून सोडला. "एसी में बैठे थे क्या?" म्हणाले. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं.

सावनीचा फोन आला तेव्हा बाबा तिच्याशी अर्धा तास बोलले. मग तिनं फोन श्रीपादला द्यायला लावला. "पप्पा, आजोबा तो एकदम फिट हो गए यार! मेरी इंजीनियरिंग ड्रॉइंग का पेपर तक पूछ रहे थे."

"हो गं," श्रीपाद म्हणाला.

"आप खुश नहीं हो क्या?"

तो खूश होता. खूश असायलाच हवं होतं. प्रतिमा पुन्हा गाणं गुणगुणायला लागली होती, तीन वर्षांत पहिल्यांदा ती रात्रभर सलग झोपत होती. अशा घरात मिठाचा खडा टाकायचा तो कशाच्या आधारावर? बाबा त्याला 'शिरपा' म्हणत नव्हते, 'श्रीपाद' म्हणत होते, एवढ्यावर? जन्मदाता शुद्धीवर आला म्हणून तक्रार करणारा मुलगा आपण एकटेच असू, असं वाटून त्याला स्वतःची लाज वाटली.

६

आधी त्याला बोटं दिसली.

डाव संपल्यावर प्रतिमाची बोटं निळी, त्याची निळी. बाबांची स्वच्छ. त्यांना घामच येत नाही आताशा, त्यानं मनाला समजावलं. म्हातारी कातडी, कोरडी असायचीच.

मग बेगम. माशाची बेगम एकदाच बाबांच्या हातात आली, आणि ती त्यांनी पहिल्याच हाताला टाकून दिली, एखादी तिर्री टाकावी तशी. श्रीपाद बघत राहिला. "काय झालं?" बाबांनी विचारलं. "कामाचं पान नव्हतं ते."

त्यानंतर ती त्यांच्याकडे आलीच नाही. ती चौथ्याकडे जायला लागली. रोज. कितीही पिसलं, कुणीही वाटलं, तरी माशाची बेगम त्या पालथ्या गड्डीत असायची, आणि गड्डीच्या अगदी तळाशी. नऊ पानं उलटून व्हायची, दहावं ती. आणि गड्डी आता चुकायलाही लागली होती. आंब्यावर दिवा पडायचा, पतंगावर मासा. कुणीतरी चाचपडत खेळावं तशी. हुकूम विसरलेल्या, पण बेगम जपून ठेवलेल्या माणसासारखी.

सहाव्या दिवशी श्रीपाद ते शेवटचं पान उलटायला वाकला, आणि त्याला ऐकू आलं. टक, टक. लाकडावर, दोनदा. त्यानं हात मागं घेतला.

"कूलरचा पंप असेल," बाबा म्हणाले. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

प्रतिमा चहा टाकायला गेली, बाबा पेपर घेऊन व्हरांड्यात बसले. श्रीपादनं चौथी खुर्ची उजेडाकडे वळवली. महिनाभर त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. खुर्चीच्या डाव्या हातावर काही नव्हतं. उजव्या हातावर, जिथं बसलेल्या माणसाचा पंजा टेकतो तिथं, निळे डाग होते. एकावर एक, पुष्कळ दिवसांचे. खालचे फिकट झालेले, वरचे अजून ओले.

तीन बोटं पुरती. एक अर्धं.

श्रीपाद तिथंच जमिनीवर बसला. भीती त्याला नंतर वाटली. आधी वाटलं ते एवढंच, की बाबा इतके दिवस आपल्याशेजारी बसून आहेत, आणि आपण त्यांना एकदाही हाक मारली नाही.

७

रुडकीला त्यानं ऑफिसातून फोन लावला, घरातून नाही.

"सावनी, तो खेळ. चौकडी. त्यात कुणी मध्येच उठलं तर चौथा त्याची पानं खेळायचा, बरोबर?"

"हाँ. नेटवर्क जाता था तब."

"मग तो माणूस परत कसा यायचा? मी नियमांचं पान पुन्हा पुन्हा वाचलं. एकोणीसच्या एकोणीस. परत येण्याचा नियमच नाही."

"पप्पा, नियम में थोड़ी लिखा होगा," सावनी हसली. "वो तो बटन था. हरा वाला, नीचे कोने में. 'वापस आइए.' दबाया कि आपकी सीट आपकी. स्क्रीन पे दिखता था, तो लिखने की क्या ज़रूरत? क्यों, क्या हुआ?"

"काही नाही," श्रीपाद म्हणाला. "अभ्यास कर."

फोन ठेवल्यावर तो टेबलावरच्या चित्राकडे बघत बसला. तीस वर्षं तो नव्या पोरांना सांगत आला होता: मूळ चित्रात आहे ते सगळं उतरवा, मूळ चित्रात नाही ते घालू नका. लिहिलेलं सगळं त्यानं उतरवलं होतं. जायची वाट लिहिलेली होती. यायची वाट लिहिलेली नव्हती, ती नुसती दिसायची, आणि ती तेवढी त्याच्याकडून राहून गेली.

जेवणाच्या सुटीत त्यानं जाड कागदाचा एक तुकडा कापला, पत्त्याच्या मापाचा. हिरव्या शाईनं भरला. मध्ये लिहिलं, 'परत या.' कोपऱ्यात सवयीनं तारीख घातली आणि दुरुस्ती क्रमांक एक.

मनातल्या मनात त्यानं स्वतःला विचारून घेतलं. ते आले तर विसरतील. रात्री उठतील, स्टेशनवर जातील, साहेब म्हणतील. प्रतिमाची झोप जाईल. आणि तरीही त्याला तेच बाबा हवे होते, उलट्या चपलांचे. त्याचा त्याला जराही संशय नव्हता.

८

सहाचा ठोका. कूलर चालू. हिरवा उजेड. स्वयंपाकघरात खिचडीचा कुकर चढलेला.

प्रतिमानं पानं वाटली. पाच हात झाले. सहाव्याला चौथ्याची पाळी आली, आणि श्रीपादनं पान उलटलं नाही. खिशातून हिरवा पत्ता काढून त्यानं चौथ्या खुर्चीपुढे ठेवला, उताणा.

"हे काय नवीन?" प्रतिमानं विचारलं.

"राहिलं होतं एक पान," तो म्हणाला. "बाबा, परत या." हे तो रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला.

काही झालं नाही. कूलर घरघरत राहिला. मग समोर बसलेल्या बाबांनी आपली पानं मिटून टेबलावर ठेवली. त्यांनी हिरवा पत्ता उचलून चष्म्याजवळ नेला, आणि कौतुकानं हसले.

"छान काढलंयस, श्रीपाद. अक्षर सुरेख आहे." पत्ता त्यांनी अलगद जागेवर ठेवला. "पण येणाऱ्याला बसायला खुर्ची लागते. मी काही उठणार नाही. मला इथं बरं वाटतं. मग उठणार कोण?"

"कोण यायचंय पण?" प्रतिमा दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "सक्सेना येणारेत का? सांगितलं नाहीत ते. खिचडी पुरेल की नाही कोण जाणे."

कुकरनं शिट्टी दिली. दुसरी दिली. तिसरीला प्रतिमानं सवयीनं पानं पालथी ठेवली आणि टेबलावर हात टेकून उठायला लागली.

बाबा तिच्याकडे बघत होते. इतक्या प्रेमानं त्यांनी तिच्याकडे याआधी कधी बघितलं नव्हतं.

श्रीपादनं तिचा हात टेबलावर दाबून धरला. इतका जोरात की ती कळवळली. "तू उठायचं नाहीस," तो म्हणाला. "डाव संपेपर्यंत अजिबात उठायचं नाहीस. ऐकलंस? गॅस मी बंद करतो."

"अहो, पण..."

"प्रतिमा, बस."

त्यानं आपली पानं नीट जुळवून पालथी ठेवली. खुर्ची मागं सारली आणि उठला.

बोळ आठ पावलांचा होता. तो मोजत गेला. नऊ, दहा. वाळ्याचा वास मागं राहिला, कूलरचा आवाज बारीक झाला. अकरा, बारा. कुकरची शिट्टी कुठंतरी पुढं वाजत होती. तेराव्या पावलाला त्याच्या शेजारून कुणीतरी उलट दिशेनं गेलं. बोळ अरुंद होता, त्या माणसानं अंग चोरून वाट दिली. फटक्, फटक्. कच्च्या निळीचा आणि इंजिनाच्या तेलाचा वास आला. श्रीपादला मान वळवायची होती, पण चौदावं पाऊल पडलेलं होतं.

समोर गॅस होता. त्यानं बटण फिरवलं. शिट्टी थांबली.

बाहेरच्या खोलीतून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज. पानं उचलल्याचा. मग प्रतिमा, जरा फुरंगटून: "आलात? केलात ना बंद? केवढ्यानं हात दाबलात माझा. चौथ्याचं ते हिरवं पान धरलं मी. चला, टाका, पाळी तुमचीच आहे."

मग टेबलावर आवाज झाला. टक, टक.

आणि श्रीपादचा स्वतःचा आवाज, पण सावकाश, चाचपडणारा, मिरजेच्या हेलाचा, म्हणाला:

"कसला गॅस गं? शिरपा कुठं गेला? अरे शिरपाऽ!"

'ओ' द्यायला श्रीपादनं तोंड उघडलं. त्याच्यापुढे आता चौथ्याची निळी पानं पालथी पडली होती, आणि पाळी अजून त्याची आलेली नव्हती.